पीईडी १.०००एम : चांद्रकक्षेच्या सिम्युलेटरमध्ये नेव्हिगेशन डिस्प्ले वाचायला शिकतानाचे एक प्रकरण

ऑर्बिटर हा अंतराळ उड्डाणाचा सिम्युलेटर मार्टिन श्वायगर यांनी २००० साली प्रथम प्रसिद्ध केला. तो मोफत मिळतो, आणि २०२१ पासून त्याचा सोर्स कोडही एमआयटी परवान्याखाली खुला आहे. गुरुत्वाकर्षणाचे नियम त्यात गंभीरपणे पाळलेले असल्यामुळे, खेळण्यापेक्षा शिकण्यासाठी त्याचा वापर करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. यानाच्या कॉकपिटमध्ये समोर दोन चौकोनी पडदे असतात. त्यांना एमएफडी म्हणतात आणि त्यांवर कक्षा, नकाशा, भूपृष्ठ, डॉकिंग अशी वेगवेगळी माहिती आलटून पालटून आणता येते. पुढील प्रकरण यांपैकी एकाच पडद्याविषयी, म्हणजे ऑर्बिट एमएफडीविषयी आहे, आणि त्यातही मुख्यतः एकाच ओळीविषयी आहे. या ओळीचा अर्थ चुकला की बाकी सगळे बिनचूक करूनही यान चंद्रावर आदळते, आणि पडद्यावर कुठेही धोक्याचा दिवा लागत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे वाटते.

परिस्थिती

शिकणारी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पृथ्वीच्या कक्षेत फिरणे, कक्षा गोल करणे, अंतराळ स्थानकाच्या कक्षेशी आपल्या कक्षेचे प्रतल जुळवणे हे तिला चांगले जमत होते. पृथ्वीवरून निघून चंद्राच्या कक्षेत शिरण्याचा तिचा हा पहिलाच पूर्ण सराव होता. मी शेजारी बसून पाहावे, पण यान चंद्राच्या कक्षेत जाईपर्यंत किंवा डाव संपेपर्यंत मध्ये बोलू नये, असे आमचे आधीच ठरले होते.

यान डेल्टा-ग्लायडर होते. चंद्राच्या केंद्रापासून सुमारे ३०,००० किलोमीटर अंतरावर असताना तिने ऑर्बिट एमएफडीचा रेफरन्स, म्हणजे ज्या पिंडाभोवतीची कक्षा पडदा दाखवतो तो पिंड, पृथ्वीवरून चंद्रावर आणला. ही गोष्ट तिने न विसरता केली, हे नोंदवले पाहिजे. रेफरन्स पृथ्वीचाच राहिला असता तर पडद्यावर पृथ्वीभोवतीची एक लांबलचक लंबवर्तुळाकार कक्षा दिसत राहिली असती, आणि चंद्राजवळ काय होणार आहे याचा पत्ताच लागला नसता. रेफरन्स बदलताच पडद्यावर एक खुली वक्ररेषा उमटली. ईसीसी, म्हणजे उत्केंद्रता, १.५ च्या थोडी वर होती. उत्केंद्रता १ पेक्षा अधिक असेपर्यंत यान चंद्राचे झालेले नसते. ते जवळून जाते आणि निघून जाते. तळाशी जी हा आकडा ०.६ च्या आसपास आणि पिवळ्या रंगात होता. यानावर त्या क्षणी पडणाऱ्या एकूण गुरुत्वाकर्षणात निवडलेल्या पिंडाचा वाटा किती, हे तो सांगतो. वाटा ०.८ च्या खाली गेला की आकडा पिवळा होतो, आणि निवडलेला पिंड प्रबळ नसेल तर लाल. पिवळा रंग पाहून तिने योग्य तोच निष्कर्ष काढला, की आत्ताचे आकडे पुढे थोडे सरकतील आणि जवळ गेल्यावर पुन्हा एकदा दुरुस्ती करावी लागेल.

निकटबिंदूची, म्हणजे मार्ग चंद्राच्या सर्वांत जवळून जातो त्या बिंदूची, ओळ अशी होती : पीईडी ३.५००एम.

ठरलेला बेत असा होता, की निकटबिंदू चंद्राच्या पृष्ठभागापासून २०० किलोमीटर उंचीवर आणायचा, तेथे पोहोचताच गतीच्या उलट दिशेने इंजिन चालवायचे आणि कक्षा बंद करून गोल करायची. तिने ३.५००एम हा आकडा ३,५०० किलोमीटर उंची असा वाचला. एम म्हणजे दशलक्ष मीटर, हे तिने बरोबर ओळखले होते. यानाचे नाक मार्गाला आडवे करून, कक्षेच्या प्रतलातच राहून तिने इंजिन हळूहळू चालवले आणि आकडा उतरू लागला. आकडा १.९३८एम वर आला, तेव्हा यान प्रत्यक्षात नेमके २०० किलोमीटर उंचीच्या मार्गावर होते. ज्वलन चालूच राहिले. आकडा १.७३८ च्या खाली गेला त्या क्षणी मार्ग चंद्राच्या आत शिरला. पुढे १.०००एम वर तिने इंजिन बंद केले, कारण उरलेले ८०० किलोमीटर जवळ गेल्यावर, आकडे स्थिर झाल्यावर उतरवावेत असे तिने ठरवले होते. एकूण वेगबदल सेकंदाला सुमारे ११० मीटरचा झाला. त्यातील पहिले ६४ मीटर आवश्यक होते.

त्यानंतर सुमारे साडेसहा तासांचा प्रवास तिने कालगती वाढवून काढला. पुढे पीईटी, म्हणजे निकटबिंदूपर्यंत उरलेला वेळ, या आकड्याकडेच तिचे लक्ष लागले होते. यान तिने गतीच्या उलट दिशेला रोखून ठेवले, इंधन तपासले, ज्वलन निकटबिंदूच्या किती आधी सुरू करायचे याचा हिशेब कागदावर केला. राहून गेली ती फक्त दुसरी दुरुस्ती. ‘एक हजार किलोमीटर’ ही उंची तिला आता पुरेशी सुरक्षित वाटत होती, आणि आधी कक्षेत शिरू, मग खाली उतरू, असा विचार तिने केला होता. पीईटी अजून सहाशे सेकंदांच्या वर असताना यान सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने चंद्राच्या पृष्ठभागावर आदळले.

“काका, अजून दहा मिनिटं बाकी होती,” एवढेच ती म्हणाली.

आकडा काय सांगत होता

तिचे म्हणणे पडद्याच्या भाषेत शब्दशः खरे होते. निकटबिंदूपर्यंत दहा मिनिटे बाकी होतीच. मात्र तो निकटबिंदू चंद्राच्या पोटात, पृष्ठभागाखाली सुमारे ७३८ किलोमीटरवर होता. ऑर्बिट एमएफडी कक्षेचे गणित करताना चंद्राला एक बिंदू मानतो. त्या बिंदूभोवती दगडधोंड्यांचा १,७३८ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे, ही बाब त्या गणितात येत नाही. ती फक्त चित्रात, करड्या वर्तुळाच्या रूपाने येते. पीईडी मधील शेवटचे अक्षर अंतराचे आहे, आणि हे अंतर केंद्रापासूनचे आहे. डीएसटी हे बटण दाबले की त्याच ओळीत पीईए येते, आणि मग तोच आकडा पृष्ठभागापासूनची उंची म्हणून दिसतो. त्याच वेळी रॅड (यानाचे केंद्रापासूनचे अंतर) ही ओळही बदलून आल्ट (उंची) होते. तिने ते बटण दाबले असते तर पीईए समोर ऋण आकडा आला असता आणि प्रकरण तिथेच मिटले असते.

पण ‘बटण दाबले नाही’ हे या प्रकरणाचे पुरेसे स्पष्टीकरण नाही. पृथ्वीच्या कक्षेत याच मुलीने हे बटण अनेकदा दाबले होते. चंद्राजवळ तिला त्याची गरज का वाटली नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांच्या आकारात आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. चारशे किलोमीटर उंचीच्या कक्षेसाठी पडदा ६.७७१एम दाखवतो. अंतराळ स्थानक पावणेसात हजार किलोमीटर उंचीवर नसते हे कोणालाही ठाऊक असते, त्यामुळे हा आकडा पाहताच हात आपोआप बटणाकडे जातो. चंद्र लहान आहे. त्याच्या केंद्रापासून मोजलेले साडेतीन हजार, दोन हजार, एक हजार किलोमीटर हे आकडे उंची म्हणूनही पूर्णपणे विश्वसनीय वाटतात. शिवाय दूर असताना दोन्ही मोजमापांतला फरक जाणवतच नाही. केंद्रापासून ३०,००० किलोमीटर म्हणजे पृष्ठभागापासून सुमारे २८,२६०. सहा टक्क्यांच्या या फरकाने कोणताही निर्णय बदलत नाही. तोच फरक ३.५००एम या आकड्यात निम्म्याएवढा असतो आणि १.७३८एम वर शंभर टक्के होतो. चूक जन्मते तेव्हा ती निरुपद्रवी असते. ती मोठी होते ती जवळ जाताना, म्हणजे नेमकी शिकणाऱ्याचे लक्ष दुसऱ्या कामात गुंतलेले असताना.

उत्केंद्रतेने तिची समजूत आणखी पक्की केली. ज्वलनाच्या काळात ईसीसी १.५ वरून १.१५ पर्यंत उतरली. उत्केंद्रता १ च्या खाली गेली की यान चंद्राच्या ताब्यात येते हे तिने वाचलेले होते, त्यामुळे आपण योग्य दिशेने चाललो आहोत असे तिला वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ऊर्जा जवळजवळ बदललीच नव्हती. मार्गाला आडव्या दिशेने दिलेल्या धक्क्याने यानाचा वेग फारसा कमी होत नाही. मार्ग केंद्राच्या अधिक जवळून जाऊ लागतो, आणि केंद्राकडे सरळ झेपावणाऱ्या मार्गाची उत्केंद्रताही १ कडेच सरकते. या दोहोंतला भेद त्याच पडद्यावर उपलब्ध होता. एसएमए, म्हणजे अर्धदीर्घ अक्ष, हा ऊर्जेशी थेट बांधलेला आकडा संपूर्ण ज्वलनात ६.७८एमच्या आसपास स्थिर राहिला होता. ईसीसी उतरते आहे आणि एसएमए हलत नाही, हे दोन्ही एकत्र वाचले की एकच अर्थ निघतो : यान मंदावलेले नाही, ते फक्त अधिक नेमका चंद्राचा वेध घेते आहे. या प्रकरणातून मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटलेली बाब हीच आहे. शिकवताना आपण प्रत्येक ओळीचा अर्थ वेगवेगळा सांगतो. यान चालवताना मात्र ओळी जोडीने वाचाव्या लागतात.

चित्राने तरी तिला सावध करायला हवे होते, असे कोणी म्हणेल. हिरवी रेषा यानाचा मार्ग, करडे वर्तुळ चंद्राचा पृष्ठभाग, भरीव ठिपका निकटबिंदू. हिरवी रेषा करड्या वर्तुळाला छेदत असेल तर टक्कर अटळ आहे, हे कोणत्याही आकड्याविना कळते. परंतु चित्राचे माप यानाच्या अंतराप्रमाणे बदलते. यान ३०,००० किलोमीटरवर असताना पडद्यावरचा चंद्र हा जेमतेम दिसणारा लहान गोल असतो आणि त्यात रेषा शिरते की बाजूने जाते हे ठरवणे कठीण असते. अखेरच्या तासाभरात चित्र पुरेसे मोठे झाले होते आणि छेदही स्वच्छ दिसत होता. तोपर्यंत तिची नजर घड्याळावर गेलेली होती.

अपोलोच्या पडद्याशी तुलना

हाच प्रश्न खऱ्या यानांत कसा हाताळला गेला, हे पाहणे उपयोगी ठरते. अपोलो यानांच्या संगणकाला डिस्की नावाचा आकड्यांचा पट्टा आणि कळफलक जोडलेला होता. त्यावर चित्र नव्हते. पाच-पाच अंकांच्या तीन ओळी होत्या, आणि दशांशचिन्हही नव्हते. व्हर्ब ८२ ही आज्ञा दाबल्यावर नाउन ४४ या क्रमांकाखाली कक्षेची माहिती येत असे. पहिल्या ओळीत दूरबिंदूची उंची, दुसरीत निकटबिंदूची, दोन्ही सागरी मैलांत आणि शेवटचा अंक दशमांशाचा, हे अंतराळवीराने पाठच ठेवायचे. अपोलो ११ ने १९ जुलै १९६९ रोजी पहिले ज्वलन सुमारे सहा मिनिटे केले आणि यान १६९.७ बाय ६०.० सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण ३१४ बाय १११ किलोमीटरच्या कक्षेत गेले. असा १६९.७ हा आकडा डिस्कीवर ०१६९७ असा लिहिला जातो. नवख्याला त्यात उंची दिसणारच नाही.

पण उंची कशापासून मोजायची, हा संभ्रम तिथे नव्हता. चंद्राजवळ ती नियोजित उतरण्याच्या जागेच्या त्रिज्येपासून मोजली जात असे. आणि तिसरी ओळ तर आमच्या या प्रकरणाचा प्रश्न थेट विचारणारी होती : यान असेच पडत राहिले तर पृष्ठभागापासून ३५,००० फुटांच्या पातळीवर किती वेळात पोहोचेल? कक्षा त्या पातळीपर्यंत कधीच उतरत नसेल तर त्या ओळीत ५९ मिनिटे ५९ सेकंद हा ठरावीक आकडा उणे चिन्हासह गोठलेला दिसे. आदळणार की नाही, याचे उत्तर चालकाने वजाबाकी करून काढावे अशी अपेक्षा ठेवलेली नव्हती. ऑर्बिटरच्या पडद्यावर ही तिसरी ओळ नाही, ती शिकणाऱ्याला मनात चालवावी लागते.

त्याच काळात नासाच्या लँगली केंद्रात लोला नावाचा एक प्रचंड सिम्युलेटर उभारला होता. चंद्राच्या पृष्ठभागाच्या मोठमोठ्या प्रतिकृतींवरून कॅमेरा सरकत जाई आणि कॉकपिटमधल्या वैमानिकाला खिडकीतून चंद्र जवळ येताना दिसे. नजरेच्या सरावासाठी ती यंत्रणा होती. आमच्या प्रकरणात चंद्र शेवटची वीस मिनिटे दृश्यात भरून आलेला होता, आणि तरीही विश्वास बसला तो पीईटीवर. नुसत्या दृश्याने आकड्यांचे वाचन सुधारत नाही, असे माझे मत त्यावरून झाले आहे.

दुरुस्ती आणि दुसरा सराव

पुढच्या सरावाआधी यान न उडवता केवळ वाचनाचा अभ्यास केला. चंद्रयान-३ च्या कक्षांचे आकडे इस्रोने त्या त्या दिवशी जाहीर केले होते, आणि मराठी वर्तमानपत्रांतून ते आमच्याकडे घरोघरी पोहोचले होते, म्हणून तेच निवडले. ५ ऑगस्ट २०२३ रोजी १६४ बाय १८,०७४ किलोमीटर, ६ ऑगस्टला १७० बाय ४,३१३, ९ ऑगस्टला १७४ बाय १,४३७, १४ ऑगस्टला १५० बाय १७७ आणि १६ ऑगस्टला १५३ बाय १६३. प्रत्येक जोडीसाठी पडद्यावर पीईडी, पीईए, दूरबिंदूचे तसेच दोन आकडे एपीडी आणि एपीए, आणि ईसीसी काय दिसेल हे तिने कागदावर लिहायचे होते. पहिल्या कक्षेची उत्केंद्रता ०.८२ निघते, दुसरीची ०.५२, तिसरीची ०.२५. हे करताना तिच्या लक्षात आले, की दूरबिंदू अठरा हजारांवरून दीड हजाराच्या खाली आला तरी निकटबिंदू जागचा फारसा हलला नाही. ज्वलन निकटबिंदूपाशी केले की समोरचा बिंदू उतरतो, ही गोष्ट तिला सूत्रात माहीत होती. आकड्यांच्या या उतरंडीत ती तिला दिसली.

या अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली. पडदा चारच सार्थ अंक दाखवतो. पीईडी १.८३८एम मध्ये शेवटचा अंक एक किलोमीटरचा असतो, तर पीईए १००.०के (के म्हणजे हजार मीटर) मध्ये तो शंभर मीटरचा. उंचीच्या पद्धतीत वाचन सोयीचे तर होतेच, शिवाय दहापट बारीकही होते. शंभर किलोमीटरच्या गोल कक्षेत वेग सेकंदाला १.६३ किलोमीटर असतो, एक फेरी सुमारे ११८ मिनिटांची असते, आणि वेगात सेकंदाला एक मीटरचा बदल केला तर समोरचा बिंदू साडेचार किलोमीटर हलतो. इतक्या नाजूक कामाला किलोमीटरची पट्टी पुरत नाही.

दुसऱ्या सरावात तिने स्वतःहून डावा पडदा उंचीच्या आणि उजवा अंतराच्या पद्धतीत लावला. ती कल्पना तिची होती. ज्वलन पीईए २००.०के वर थांबले, तेव्हा शेजारी १.९३८एम दिसत होते. पुढच्या दोन तासांत आकडा अपेक्षेप्रमाणे सरकला, पृथ्वीच्या ओढीने. जी हिरव्यावर आल्यानंतर तिने लहानशी दुरुस्ती केली. निकटबिंदूपाशी वेग २.४ किलोमीटरच्या आसपास होता. ज्वलन सुरू होताच या खेपेस ईसीसीबरोबर एसएमएही बदलू लागला, आणि तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. ईसीसी १ च्या खाली गेली, दूरबिंदूच्या ओळीत पहिल्यांदाच आकडा उमटला. सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेग कमी केल्यावर कक्षा जवळजवळ गोल झाली. डेल्टा-ग्लायडरचे इंजिन जोरकस असल्याने हे सारे दोन मिनिटांच्या आत आटोपते. चंद्रयान-३ ला पहिल्या कक्षेतच शिरण्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक काळ इंजिन चालवावे लागले होते.

कक्षेचा कल वाचताना एक त्रुटी मात्र तशीच राहिली. पडद्याची चौकट पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलावर लावलेली होती आणि तिने तोच कल विषुववृत्तापासूनचा मानला. चंद्राचे विषुववृत्त त्या प्रतलाशी फक्त दीड अंशाने कललेले असल्याने परिणाम नगण्य झाला. पृथ्वीभोवती हीच गफलत साडेतेवीस अंशांची ठरली असती, म्हणून ती नोंदवून ठेवली आहे.

आता चालू असलेला सराव खाली उतरण्याच्या कक्षेचा आहे. विक्रम लँडर २० ऑगस्ट २०२३ रोजी २५ बाय १३४ किलोमीटरच्या कक्षेत गेला होता, तीच कक्षा लक्ष्य म्हणून घेतली आहे. येथे पीईए हा आकडाही पुरेसा राहत नाही. कळसूबाईची १,६४६ मीटर उंची समुद्रसपाटीपासूनची असते, बारी गावातून चढणाऱ्याला तेवढे चढावे लागत नाही. चंद्रावर समुद्र नाही, म्हणून सरासरी त्रिज्येचा एक काल्पनिक गोल धरून उंची मोजतात, आणि पायाखालची खरी जमीन त्या गोलाच्या वर किंवा खाली असते. चंद्राच्या पलीकडल्या बाजूचा उंच प्रदेश या गोलापासून दहा किलोमीटरहूनही वर चढतो. ऑर्बिटरच्या २०१६ च्या आवृत्तीपासून जमिनीचा हा उंचसखलपणा सिम्युलेटरमध्ये आला आहे. त्यामुळे जमिनीपासूनची उंची पाहण्यासाठी भूपृष्ठाचा एमएफडी आणि खालून कोणता प्रदेश जातो आहे हे पाहण्यासाठी नकाशाचा एमएफडी, असे दोन पडदे ती या सरावात सोबत वाचते. निकटबिंदू १५ किलोमीटरच्या खाली न्यायचा नाही, अशी मर्यादा तूर्त घालून घेतली आहे.